मूल कामावरून सुटतं, तेव्हा किंमत कोण मोजतं?

(वाचनालयाच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावात रात्रशाळा चालवली. दिवसा हॉटेलात कपबशा विसळणारी, गॅरेजमध्ये पाने पुरवणारी पोरं तिथे येत. गुरुजी त्यांना शिकवत आणि त्यांच्या मालकांशी भांडतही. त्यामुळे ‘बालमजुरी आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य’ हा विषय संयोजकांनी सुचवला, तेव्हा मला तो परका वाटला नाही. विषयाच्या नावाने जिनिव्हाची सभागृहं डोळ्यांसमोर येतात हे खरं. मी तिथे जाणार आहे, पण बोलणं संपवणार आहे ते आपल्याच साखर कारखान्याच्या गव्हाणीपाशी.

आधी दोन आकडे सांगतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांनी जून २०२५ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार २०२४ साली जगात १३ कोटी ८० लाख मुलं बालमजुरीत होती. त्यांपैकी ५ कोटी ४० लाख धोक्याच्या कामांत होती. २००० साली एकूण आकडा २४ कोटी ६० लाखांच्या घरात होता. म्हणजे जगातली मुलांची संख्या वाढत असतानाही पाव शतकात कामावरची मुलं दहा कोटींनी घटली. अशा परिषदांनी काहीच होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. आणि काम होत आलं, असं म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत बालमजुरी पूर्ण संपवण्याची मुदत २०२५ ची होती. ती टळून गेली.

यातलं काय साधलं आणि काय फसलं, हे पारखायला माझ्याकडे एकच प्रश्न आहे. मूल कामावरून सुटतं, तेव्हा किंमत पडतेच. घरातली एक कमाई जाते, मालकाला मोठ्या माणसाला पुरी मजुरी द्यावी लागते, सरकारला शाळा चालवावी लागते, गिऱ्हाइकाला माल महाग पडतो. ही किंमत कोणाला चुकत नाही, फक्त ती कोणाच्या अंगावर पडते ते बदलतं. म्हणून प्रत्येक कराराला विचारायचं, किंमत कोणी मोजली?

आपल्याकडे ही गोष्ट मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू होते. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षांच्या मुलाने नऊ तास काम करायचं, ही त्या काळची सुधारणा! या कायद्यामागे विलायतेतल्या काही भल्या माणसांची कळकळ होती, तशी लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची धास्तीही होती. मुंबईचं सूत आणि कापड त्यांना बाजारात जड जात होतं. आपल्या बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी हे ओळखलं आणि कायद्याला विरोध केला. त्यांचा संशय खोटा नव्हता, पण त्याचा लाभ झाला तो देशी गिरणीमालकांना. पोर साच्यापाशीच राहिलं.

या कोंडीतून वाट काढली ती महात्मा फुल्यांनी आणि नारायण मेघाजी लोखंड्यांनी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे फुल्यांनी मागणी केली की निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. १८८४ मध्ये लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याच्या सुट्टीची, दुपारच्या विश्रांतीची, वेळेवर पगाराची मागणी केली. लँकेशायरच्या मनात काय आहे याची उठाठेव त्यांनी केली नाही. मुलाला शाळा आणि बापाला माणसासारखी मजुरी, या दोन मागण्या त्या काळातच मांडल्या गेल्या होत्या. पुढच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत जग जे काही शिकलं, ते फिरून याच दोन मागण्यांपाशी येतं.

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली. तिच्या वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी. तिथे उद्योगांतल्या किमान वयाचा करार झाला. जगासाठी वय ठरलं चौदा, आणि भारतासाठी वेगळं कलम घालून बारा. तेही कुठे? यंत्रशक्तीवर चालणारे आणि दहापेक्षा जास्त माणसं असलेले कारखाने, खाणी, रेल्वे, गोद्या. शेत, हातमाग, विड्या, घरगुती काम हे सगळं कुंपणाबाहेर राहिलं. आणि शाळा? सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं गोपाळ कृष्ण गोखल्यांचं विधेयक सरकारने १९१२ मध्येच पाडलं होतं. उलट कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला आणि संस्थानच्या तिजोरीतून पैसा काढला. एकाने कागद केला, दुसऱ्याने किंमत मोजली.

पुढचे टप्पे झपाट्याने सांगतो. १९७३ चा किमान वयाचा करार क्रमांक १३८. १९९२ मध्ये जर्मनीच्या पैशावर सुरू झालेला बालमजुरी निर्मूलनाचा जागतिक कार्यक्रम. त्यात सुरुवातीलाच सामील झालेल्या देशांत भारत होता. १९९८ मध्ये मनिलाहून निघून जिनिव्हाला पोहोचलेली जागतिक पदयात्रा, जिचं नेतृत्व कैलाश सत्यार्थी यांनी केलं. आणि १९९९ चा करार क्रमांक १८२, जो वेठबिगारी, देहविक्रय, युद्ध आणि जिवाला अपाय करणारी कामं यांतून मुलांना तातडीने बाहेर काढायला सांगतो. भारताने हे दोन्ही करार १३ जून २०१७ रोजी स्वीकारले. ४ ऑगस्ट २०२० रोजी टोंगा या छोट्या बेटराष्ट्राने मान्यता दिली आणि करार १८२ वर संघटनेच्या सर्व १८७ सदस्यदेशांची मोहर उमटली. त्या संघटनेच्या इतिहासात असं आधी कधी झालं नव्हतं.

या करारातलं आठवं कलम सहसा कोणी वाचत नाही. ते म्हणतं की सदस्यदेशांनी परस्परांना मदत करावी, आणि त्या मदतीत सामाजिक-आर्थिक विकास, दारिद्र्य निर्मूलन आणि सार्वत्रिक शिक्षण यांना हातभार असावा. म्हणजे किमतीचा वाटा उचलण्याची गोष्ट १८७ देशांनी मान्य केली आहे. किती उचलायचा, ते मात्र लिहिलेलं नाही. या रिकाम्या जागेत काय काय होतं, ते तीन उदाहरणांतून पाहू.

पहिलं उदाहरण ढाक्याचं. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सिनेटर टॉम हार्किन यांनी एक विधेयक आणलं: मुलांनी बनवलेला माल अमेरिकेत येऊ द्यायचा नाही. विधेयक कधीच मंजूर झालं नाही, पण नुसत्या धाकाने काम झालं. बांगलादेशच्या कपडे कारखान्यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच. मालकांनी मुलांना काढून टाकलं. त्यांत मुलीच जास्त होत्या आणि आकडा पन्नास हजारांच्या घरात असल्याचा अंदाज तेव्हा मांडला गेला. अमेरिकेतल्या दुकानातला शर्ट निर्मळ झाला. मुली कुठे गेल्या? युनिसेफ आणि इतरांनी शोध घेतला, तेव्हा त्यांतल्या काही खडी फोडताना सापडल्या, काही रस्त्यावर, काही वेश्याव्यवसायात. सुटलेलं काम या कामांपेक्षा बरं होतं. इथे सगळी किंमत त्या मुलींनी मोजली.

त्यानंतर जे झालं ते खरं शिकण्यासारखं आहे. ४ जुलै १९९५ रोजी ढाक्यात कपडे निर्यातदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांनी करार केला. चौदा वर्षांखालच्या मुलांना काढायचं, पण शाळेची सोय लावून. शाळेत जाणाऱ्या मुलाला दरमहा ३०० टाका विद्यावेतन. मुलाच्या जागी शक्य तिथे त्याच्याच घरातल्या मोठ्या माणसाला काम. शाळा चालवायला स्थानिक संस्था, खर्चात मालकांचाही वाटा, आणि तपासणीला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची माणसं. ३०० टाका कारखान्यातल्या कमाईपेक्षा कमीच होते, आणि करार होईपर्यंत हजारो मुलं आधीच पांगली होती. तरीही काही हजार मुलं वर्गात बसली. मूल, घर, मालक आणि बाहेरचा देश या चौघांचा हिशेब त्या एका कागदावर मांडलेला होता, म्हणून तो कागद टिकला.

दुसरं उदाहरण पाकिस्तानातल्या सियालकोटचं. हाताने शिवलेले जगातले बहुतेक फुटबॉल त्या एका परिसरात तयार होत. घराघरांत आयांबरोबर मुलंही टाके घालत. १९९६ मध्ये त्याची छायाचित्रं अमेरिकेत छापून आली, गहजब झाला आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये अटलांटा इथे करार झाला. शिवण घरातून काढून नोंदणी झालेल्या केंद्रांत न्यायची, म्हणजे तपासणी करता येईल. मुलं बऱ्याच प्रमाणात बाहेर पडली. पण घराबाहेर जाऊन काम करणं ज्यांना परवडणारं किंवा शक्य नव्हतं, त्या बायकांची कमाईही बुडाली. बायकांसाठी वेगळी केंद्रं निघाली ती नंतर. किंमत मुलाकडून आईकडे सरकली. करार करणाऱ्यांच्या टेबलावर आई बसलेलीच नव्हती.

तिसरं उदाहरण चॉकलेटचं. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. २००१ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने चॉकलेटवर ‘गुलाममुक्त’ अशी चिठ्ठी लावण्याच्या दिशेने पाऊल टाकलं. कंपन्या धावपळ करू लागल्या. अखेर कायद्याऐवजी ऐच्छिक करार झाला, त्याला हार्किन-एंगल करार म्हणतात. मुदत ठरली २००५. ती पुढे गेली २००८ वर, मग २०१० वर, आणि मग २०२० पर्यंत सत्तर टक्के घट एवढंच उद्दिष्ट उरलं. २०२० मध्ये शिकागो विद्यापीठाच्या संशोधन संस्थेचा अहवाल आला: या दोन देशांत कोकोच्या कामात साडेपंधरा लाखांहून अधिक मुलं. विळे, जड पोती, फवारणी, सगळं होतं. वीस वर्षांत शाळा बांधल्या गेल्या, प्रकल्प झाले, पुस्तिका निघाल्या. कोकोचा भाव मात्र त्या करारात कुठेच नव्हता. २०१६-१७ च्या हंगामात जागतिक भाव काही महिन्यांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कोसळला. अशा वेळी शेतकरी मजूर कसा लावणार? तो पोराला शेतावर नेतो. २०१९ मध्ये दोन्ही देशांनी मिळून टनामागे ४०० डॉलरचा जादा दर मागितला आणि तो ठरलाही. पण पुढच्या हंगामांत दर्जासाठी मिळणारा जुना वाढावा घसरत शून्याखाली गेला. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं गेलं.

या तिन्ही गोष्टींत पुढाकार श्रीमंत देशांचा होता. म्हणून आपल्याकडे पुष्कळांना हे सगळं थोतांड वाटतं. १९९६ मध्ये सिंगापूरच्या जागतिक व्यापार परिषदेत कामगार मानकांची अट व्यापाराला जोडायला भारताने विरोध केला, आणि त्या विरोधात तथ्य होतं. पण परक्याचा हेतू शुद्ध नाही म्हणून आपलं पोर कामावर राहू द्यायचं, हा १८८१ चाच युक्तिवाद झाला. तो तेव्हा मालकांच्या पथ्यावर पडला, आजही पडतो.

आणि सहकार्याचा ओघ नेहमी वरून खालीच येतो असंही नाही. ब्राझीलने १९९६ मध्ये कोळसाभट्ट्यांच्या पट्ट्यातून एक योजना सुरू केली. पुढच्या वर्षी ती पेर्नाम्बुकोच्या ऊसपट्ट्यात नेली. मूल कामावर न जाता शाळेत गेलं तर घराला दरमहा रक्कम, आणि शाळा सुटल्यावर मूल फडावर जाऊ नये म्हणून वाढीव वेळाचा वर्ग. किंमत सरकारी तिजोरीने मोजली. शाळेशी जोडलेली रोख मदत ही कल्पना पुढे कितीतरी देशांनी उचलली. आपल्याकडे शांता सिन्हा यांच्या एम. व्ही. फाउंडेशनने १९९१ पासून रंगारेड्डी जिल्ह्यात काम केलं. शाळेबाहेरचं प्रत्येक मूल बालमजूरच, असं त्यांनी ठामपणे मांडलं. सुटलेल्या मुलांना शाळेच्या पातळीवर आणणारी निवासी शिबिरं भरवली. एक कारखाना किंवा एक धंदा धरून बसण्यापेक्षा अख्खं गाव बालमजुरीमुक्त करायचं, हा तो मार्ग. नेदरलँड्समधल्या संस्थांनी आणि कामगार संघटनांनी तो उचलला आणि आफ्रिकेतल्या देशांत नेला. तेलंगणातलं शहाणपण हॉलंडच्या पैशाने आफ्रिकेत पोहोचलं. आठव्या कलमाला अभिप्रेत आहे ते हेच.

आज मात्र हा ओघ आटतो आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने परदेशांतल्या कामगार प्रकल्पांची पन्नास कोटी डॉलरहून अधिक अनुदानं रद्द केली. बालमजुरीविरुद्धच्या कामाला जगात सर्वांत मोठा आधार याच खात्याचा होता. कंपन्यांना आपल्या पुरवठ्याच्या साखळीची जबाबदारी घ्यायला लावणारा निर्देश युरोपीय संघाने २०२४ मध्ये केला, आणि वर्षभरातच अंमलबजावणी पुढे ढकलली. बाहेरून पैसा येईल आणि बाहेरून धाक येईल, हे धरून चालण्याचे दिवस मागे पडत आहेत.

म्हणून आता आपल्या शिवारात येतो. जगातली साठ टक्क्यांहून अधिक बालमजुरी शेतीत आहे. आपल्या शेतीत ती पाहायला लांब जावं लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून गाड्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली टोळी फडाजवळ कोपी घालते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे तोड सुरू होते. दहा-बारा वर्षांचं पोर वाढे गोळा करतं, मोळ्या बांधायला हात लावतं, पाणी आणतं. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते आणि चूल पेटवते. मजुरी टनावर आहे. त्या टनात मुलाचा हात आहे, पण त्याचं नाव कारखान्याच्या कुठल्याच कागदावर नाही. उचल फिटण्यासाठी टन वाढले पाहिजेत, टन वाढण्यासाठी हात वाढले पाहिजेत. मुकादम मुलाला कामावर घेत नाही, कारखानाही घेत नाही. तिथला हिशेबच त्याला फडात ओढतो. आपल्या कायद्यात २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखाली कामाला बंदी केली; शाळेबाहेरच्या वेळात घरच्या उद्योगात मदत करण्याची सवलत मात्र ठेवली. फड हा काही तोडणीवाल्याच्या घरचा उद्योग नाही. तरी विचारलं की उत्तर येतं, ‘आईबापाला मदत करतंय.’

हा विषय आता गावचा राहिलेला नाही. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या यादीत भारतातला ऊस बालमजुरीच्या मालांत आहे. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने महाराष्ट्रातल्या ऊसतोड कामगारांची उचल, बालविवाह, गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया यांवर मोठा वृत्तांत छापला आणि त्यात जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्यांपर्यंत साखरेचा माग काढला. यावर आपल्या भागात दोन सूर निघाले. एक, ‘ही बदनामी आहे.’ दुसरा, ‘आता निर्यातीला अडचण येईल.’ पहिला सूर १८८१ चा, दुसरा १९९३ च्या ढाक्याचा. उद्या गिऱ्हाइकाने डोळे वटारले, तर आपणही ढाक्यासारखंच करू का? फडावर पोर दिसता कामा नये, एवढा फलक लावून मोकळे होऊ? मग पोर कोपीत दडेल किंवा गावाकडे आजीजवळ उपाशी राहील, आणि मुलीचं लग्न आणखी लवकर लागेल.

काय करता येतं ते आपल्याला माहीत आहे. साखरशाळा आपल्याकडे चालल्या आहेत. मूल गावातच राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे आणि त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचं ठरलं आहे. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. हे सगळं सुटं सुटं आहे. ढाक्याच्या करारासारखं एका कागदावर आलेलं नाही. त्या कागदावर पाच गोष्टी हव्यात. गाडी गावातून निघण्याआधी कोणतं मूल जातं आणि कोणतं राहतं याची यादी. राहणाऱ्यासाठी दिवाळीच्या आधी उघडलेलं वसतिगृह. येणाऱ्यासाठी फडापासून चालत जाता येईल अशी शाळा आणि पाळणाघर. दोघांच्या कोयत्याला तिसरा हात लागू नये इतका तोडणीचा दर. आणि साखर घेणाऱ्या बड्या कंपनीकडून या खर्चाचा ठरलेला वाटा, दरात मिळवलेला. तिच्याकडून तपासणीचे अहवाल आपण पुष्कळ घेतले. आता पैसे मागू. ढाक्याच्या मालकांना जे जमलं, ते सहकाराचं नाव लावणाऱ्या आपल्याला जमू नये?

मित्रहो, समोर बसलेल्यांपैकी पुष्कळजण ऊसउत्पादक आहात, कारखान्याचे सभासद आहात. जिनिव्हात आपल्याला मत नाही, पण सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आहे. तिथे उसाच्या दरावर आपण तासन्‌तास बोलतो, ते बोललंच पाहिजे. या वेळी आणखी एक ठराव लेखी द्या: आपल्या कारखान्याच्या गव्हाणीत या हंगामात जो ऊस पडेल, त्याच्या तोडणीवर आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद कारखाना करील, त्याच्या शाळेची सोय करील, आणि त्याचा खर्च ताळेबंदात वेगळ्या ओळीवर दाखवील. सूचक म्हणून एकाने सही करा, अनुमोदक म्हणून दुसऱ्याने. ठराव फेटाळला गेला तर पुढच्या वर्षी पुन्हा द्या. ज्या करारात किंमत कोण मोजणार हे लिहिलेलं नसतं, तिथे ती मूल मोजतं. आपल्या ताळेबंदात ते लिहिलं जाईल, एवढं बघणं आपल्या हातात आहे.